पॅन: आधी गणितात सापडलेला शनीचा उपग्रह

शनीच्या मुख्य कड्यांपैकी सर्वांत बाहेरच्या ‘ए’ कड्यात सुमारे 325 किलोमीटर रुंदीची एक फट आहे. या कड्यात 1837 साली बर्लिनचे खगोलशास्त्रज्ञ योहान एन्के यांना एक अंधूक पट्टा दिसला होता. प्रत्यक्ष फट 1888 मध्ये जेम्स कीलर यांनी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेतून पाहिली, तरी नाव मात्र एन्के यांचेच राहिले. कीलर यांचे नाव पुढे त्याच कड्यातील दुसऱ्या, बऱ्याच अरुंद फटीला मिळाले.

व्हॉयेजर यानांनी 1980 आणि 1981 मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत एन्के फटीचे काठ नागमोडी दिसले. जेफ्री कझी आणि जेफ्री स्कार्गल यांनी 1985 मध्ये त्याचा अर्थ लावला. शनीच्या जवळचे कण जलद व दूरचे कण सावकाश फिरत असल्याने, फटीत एखादा लहान उपग्रह असेल तर आतल्या काठाचे कण त्याला ओलांडून पुढे जातात, बाहेरच्या काठाचे कण त्याच्या मागे पडतात आणि जवळून जाताना बसलेला गुरुत्वाकर्षणाचा हलका हिसका दोन्ही काठांवर लाटांच्या रूपाने उमटतो. या लाटांची लांबी उपग्रह काठापासून किती दूर आहे त्यावर ठरते, म्हणून लाटा मोजून न दिसलेल्या उपग्रहाची कक्षाही काढता आली.

त्या गणिताच्या आधारे मार्क शोवॉल्टर यांनी व्हॉयेजर-2 ची जुनी छायाचित्रे पुन्हा तपासली आणि 1990 मध्ये त्यांपैकी अकरा छायाचित्रांत तो ठिपका सापडला. म्हणजे पुरावा नऊ वर्षे पृथ्वीवरच पडून होता. नेपच्यूनचा शोधही असाच आधी गणिताने लागला होता, आणि 1846 मध्ये तो ज्या बर्लिन वेधशाळेतून दिसला तिचे संचालक एन्केच होते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

पॅन असे नाव मिळालेल्या या उपग्रहाचा सरासरी व्यास जेमतेम 28 किलोमीटर असून तो सुमारे पावणेचौदा तासांत शनीभोवती एक फेरी पूर्ण करतो. कॅसिनी यानाने मार्च 2017 मध्ये सुमारे 24,600 किलोमीटरवरून त्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा करंजीला मुरड घालावी तसा त्याच्या विषुववृत्ताभोवतीचा उंच कंगोरा स्पष्ट दिसला. कड्यांचा थर पॅनच्या मानाने अत्यंत पातळ असल्यामुळे त्यातील कण विषुववृत्तावरच साचत गेले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पॅनची घनता पाण्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यामुळे आत एखादा जुना, घट्ट बर्फाळ तुकडा आणि त्यावर कड्यांतून गोळा झालेला भुसभुशीत थर, अशी त्याची घडण असावी, असे अभ्यासक मानतात.