लिट्झ तार

लिट्झ तार : रेडिओ-कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहासाठी वापरली जाणारी, केसाइतक्या बारीक तांब्याच्या अनेक तारा पिळून केलेली तार. हिच्यातल्या प्रत्येक तारेवर इनॅमलचा, म्हणजे वीजरोधक थराचा, स्वतंत्र लेप असतो. घरच्या वायरिंगची मल्टीस्ट्रँड वायर हिच्यासारखी दिसते खरी, पण तिच्या तारा उघड्या आणि एकमेकींना टेकलेल्या असतात. विजेच्या लेखी ती एकच जाड तार.

प्रत्यावर्ती प्रवाहाची कंप्रता वाढली की तो तारेचा गाभा सोडून पृष्ठभागालगत वाहू लागतो. प्रवाह पृष्ठभागापासून साधारण जितका आत शिरतो, ती त्वचा-खोली. तांब्यात ५० हर्ट्‌झला ती सुमारे ९ मिमी भरते. म्हणून रावेर-यावलच्या केळीबागांतल्या पंपांच्या मोटारींना लिट्झचा काही उपयोग नाही; रिवाइंडिंगवाले एका जाड तारेऐवजी दोन-तीन तारा जोडीने भरतात, त्या खाचेत नीट बसाव्यात म्हणून. आकाशवाणी जळगावच्या ९६३ किलोहर्ट्‌झ मध्यम लहरीला मात्र ही खोली जेमतेम ०.०७ मिमी. १ मिमी जाडीच्या तारेतले बहुतेक तांबे तिथे फुकट जाते; म्हणूनच एका जाड तारेऐवजी अनेक बारीक तारा घेतात.

नुसत्या बारीक तारा करूनही भागत नाही, आणि नेमके हेच दुर्लक्षिले जाते. कायम मध्यभागी राहणाऱ्या तारेच्या वाट्याला प्रवाह कमीच येतो. प्रत्येक तार आळीपाळीने आत-बाहेर यायला हवी. त्यासाठी दोर वळतात तसे आधी थोड्या तारांचे पेड पिळायचे, मग ते पेड एकत्र पिळायचे. सगळ्या तारा एकदम पिळल्या तर आतली आतच राहते. शेजारच्या तारांच्या चुंबकीय क्षेत्रानेही प्रवाह एका बाजूला रेटला जातो. त्यामुळे एकेक तार जाड ठेवून नुसती संख्या वाढवली तर रोध उलट वाढू शकतो.

जुना ट्रान्झिस्टर उघडला की काळ्या फेराइट दांड्यावर सुती किंवा रेशमी वेष्टनाची जी तार गुंडाळलेली दिसते, ती बहुधा लिट्झ असते. दुरुस्तीत खरी कसोटी टोकांची. तिथे एकूण एक तारेला डाख लागला पाहिजे. ब्लेडने इनॅमल खरवडताना दोन-चार तारा तुटल्या तरी रेडिओ वाजतो, पण कॉइलची गुणवत्ता घसरते आणि शेजारचे स्टेशन मिसळू लागते. काही नव्या तारांचे पॉलियुरेथेन इनॅमल गरम सोल्डरिंग आयर्ननेच वितळून निघते, तेव्हा ब्लेड लावूच नये.

साधारण १ ते २ मेगाहर्ट्‌झच्या वर लिट्झचा फायदा ओसरतो. एफएमच्या १०० मेगाहर्ट्‌झला त्वचा-खोली ०.००७ मिमीहूनही कमी, आणि तारांमधली धारिताही (कपॅसिटन्स) आड येते. तिथे चांदीचा मुलामा दिलेली एकेरी तार बरी.

आज ही तार घरात हमखास आढळते ती इंडक्शन शेगडीत. तिथली कंप्रता २० किलोहर्ट्‌झच्या पुढची, पण मध्यम लहरीहून बरीच कमी, त्यामुळे तारा किंचित जाड चालतात. स्वस्त शेगड्यांत त्या ॲल्युमिनियमच्याही असतात. जळालेली कॉइल मोटारीच्या जाड वाइंडिंग तारेने भरली, तर भांड्याबरोबर कॉइलही तापते.