मत्स्यालयातलं नायट्रेट: हिशेब दाण्यांपासून सुरू होतो

टेस्ट किटच्या नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, नारिंगी झालं तर लक्ष द्यायचं. लालभडक झालं, तर टाकी कितीही नितळ दिसो, तिच्यात नायट्रेट भरपूर साठलेलं असतं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाण्यात ते इतकं पूर्ण विरघळतं की फिल्टरच्या स्पंजात अडकत नाही, आणि हवेत उडूनही जात नाही. आकडा वाढला की बरेच जण नायट्रेट कमी करणाऱ्या बाटल्या शोधू लागतात. मी आधी खाद्याची डबी बघायला सांगतो.

टाकीतलं बहुतेक नायट्रेट त्या डबीतूनच आलेलं असतं. दाण्यांत प्रथिनं असतात आणि प्रथिनांत नायट्रोजन. मासा त्यातला थोडा अंगी लावतो, उरलेला मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. न खाल्लेले दाणे आणि कुजकी पानं त्यात भर घालतात. फिल्टरमधले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. ही दोन वेगवेगळ्या जिवाणूंची कामं आहेत असं शतकाहून अधिक काळ मानलं जात होतं. २०१५ साली संशोधकांच्या दोन गटांनी दाखवून दिलं की नायट्रोस्पायरा वंशातले काही जिवाणू दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार करतात. त्यांतले काही सापडले ते मत्स्यपालनातल्या फिरत्या पाण्याच्या फिल्टरमध्ये! आपल्या टाकीमागे घुरघुरणाऱ्या त्या डब्याबद्दल मला तेव्हापासून जास्तच आदर वाटतो.

आता थोडं गणित करू. १ ग्रॅम खाद्य घ्या, त्यात ४० टक्के प्रथिनं धरा. प्रथिनांच्या वजनात नायट्रोजन साधारण १६ टक्के असतो, म्हणजे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. नायट्रोजनचं नायट्रेट झालं की वजन ४.४३ पट होतं, म्हणजे सुमारे २८० मिलिग्रॅम. १०० लिटरच्या टाकीत हे सगळं उतरलं तर दर लिटरमागे २.८ मिलिग्रॅम. माशांच्या वाढीत गेलेला भाग वजा करून २ धरू. रोज १ ग्रॅम खाद्य पडत असेल तर आठवड्याला १४.

अशा टाकीचं दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं, तर नायट्रेट वाढत वाढत ५६ वर जाऊन थांबतं. तिथे पोहोचल्यावर २५ टक्के पाण्याबरोबर बरोबर १४ निघून जातं आणि पुढच्या आठवड्यात तेवढंच परत येतं. आठ-दहा वेळा पाणी बदलूनही आकडा हलत नाही म्हणून हताश होणाऱ्यांचं नेमकं हेच झालेलं असतं. अर्धं पाणी बदललं तर हीच कमाल पातळी २८ वर येते. खाद्य निम्मं केलं आणि पाणी पूर्वीइतकंच बदललं, तरीही २८ च! दोन्ही केलं तर १४. गोड्या पाण्याच्या टाकीत २० च्या आत असावं, ४० च्या वर जाऊ देऊ नये, असा अनुभवी मत्स्यपालकांचा साधारण प्रघात आहे.

यात नव्याने घातलेल्या पाण्याचं नायट्रेट जसंच्या तसं मिळवायचं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे पिण्यायोग्य पाण्यातही बरंच नायट्रेट असू शकतं. नळाच्या पाण्यातच २० असेल तर वरच्या उदाहरणातली पातळी ५६ ऐवजी ७६ होते. म्हणून टाकीबरोबर नळाचं पाणीही एकदा तपासायलाच हवं. तिथेच आकडा मोठा निघाला तर आरओचं पाणी मिसळणं हा उपाय आहे. उकळून काही उपयोग नाही, पाणी आटतं आणि नायट्रेट अधिक दाट होतं. टाकीतून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी नुसती भर घालत राहिलं तरी हेच घडतं.

तपासणीबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. नायट्रेटच्या द्रव किटमध्ये बहुधा एका बाटलीत धातूची बारीक भुकटी असते, ती तळाशी बसते. ही भुकटी नायट्रेटचं आधी नायट्राइट करते आणि मग त्यातून रंग तयार होतो. बाटली सूचनेत दिलेल्या वेळेइतकी जोरजोरात हलवली नाही तर भुकटी नळीत उतरतच नाही आणि आकडा खोटा, कमी येतो. मी कितीतरी महिने बाटली हलकेच उलटीसुलटी करून थेंब टाकत होतो. नळीत १० चा पिवळट रंग दिसायचा, आणि टाकीत मात्र कोळंबी एकेक करून मरत होती. एकदा बाटली टेबलावर आपटून, मनगट दुखेपर्यंत हलवली. पाच मिनिटांत नळी गडद लाल झाली. किटवरचा आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा, हेही बघावं. नायट्रोजनचे १० म्हणजे नायट्रेटचे ४४.

नायट्राइटसारखं नायट्रेट रक्तातून होणारा ऑक्सिजनचा पुरवठा झटकन तोडत नाही, कारण ते कल्ल्यांतून फारसं आत शिरत नाही. मोठे मासे म्हणूनच बरेच दिवस तग धरून राहतात. अंडी, पिल्लं आणि कोळंबी यांना मात्र ते लवकर बाधतं.

आकडा शंभराच्या पुढे दिसला तर घाबरून सगळं पाणी एकदम उपसू नका. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद संपत जाते. जुन्या टाकीत पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) खाली घसरलेला असतो आणि जिवाणूही मंदावलेले असतात. त्या आम्लधर्मी पाण्यात साठलेला अमोनिया फारसा अपायकारक नसलेल्या अमोनियम रूपात असतो. वर भरपूर ताजं पाणी पडलं की पीएच चढतो, अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतो, आणि पाणी बदलल्यानंतर तासाभरात मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागतात. दोष मग ‘नव्या पाण्या’वर जातो. रोज दहा-पंधरा टक्के, क्लोरीन घालवलेलं पाणी, आठवडाभर. हा वेग मला सुरक्षित वाटतो.

त्याच दिवसांत सायफनची नळी खडीत खुपसून गाळ ओढून घ्यावा. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा, नळाखाली धरला तर क्लोरीनने जिवाणू मरतात. बादलीत उतरणारा तो तपकिरी गाळ म्हणजे अजून न झालेलं नायट्रेट.

वनस्पतींची मदत मोठी असते. त्या अमोनियम आधी उचलतात, कारण नायट्रेट वापरायचं तर त्यांना त्याचं पुन्हा अमोनियम करावं लागतं आणि त्यात ऊर्जा जाते. तरंगणाऱ्या वनस्पती मला सर्वांत उपयोगी वाटतात. त्यांना हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट मिळतो आणि त्या भराभर वाढतात. मनीप्लांटची मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवली तरी चालतं. पण वाढलेला भाग दर आठवड्याला काढून टाकीबाहेर टाकलाच पाहिजे. पानं तिथेच कुजली तर त्यांनी शोषलेला नायट्रोजन पुन्हा पाण्यात उतरतो. डकवीड ही अशीच एक तरंगणारी, इवल्या पानांची वनस्पती. मूठभर ओली डकवीड उचलून बाहेर टाकतो तेव्हा महिन्यापूर्वीच्या दाण्यांतला थोडा नायट्रोजन खरोखरच माझ्या हातातून टाकीबाहेर जात असतो.