गेम उन्हाळ्यातच का अडकते? गेमिंग लॅपटॉप, पत्र्याची खोली आणि जिनिंगची रुई

आखाजीला (अक्षय तृतीयेला) ताई माहेरी आली की आमचं अमळनेरचं घर भरून जातं. यंदा सोबत भाचाही आला, बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, आणि पाठीवरच्या बॅगेत त्याचा गेमिंग लॅपटॉप. दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला, सगळे आडवे झाले, हा मात्र वरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसला आणि अर्ध्या तासात तोंड उतरवून खाली आला. "मामा, गेम अटकी ऱ्हायनी."

एका दुकानात दाखवून झालं होतं, त्यांनी विंडोज नवीन टाकून दिली, पैसे घेतले, फरक काही पडला नाही. मी विचारलं कधीपासून होतंय, तर म्हणे, "मार्चपासून. डिसेंबरात तर मक्खन चालायची." मला तिथंच शंका आली. सॉफ्टवेअरला काही ऋतू कळत नाहीत, डिसेंबरात चालणारी गोष्ट मार्चपासून अडकते म्हणजे आधी गरमीकडं बघायचं, निदान आपल्या खान्देशात तरी.

पण अडकते म्हणजे नक्की काय होतं हे आधी बघावं लागतं, कारण आपण सगळ्यालाच "लॅग" म्हणतो. ऑनलाइन गेममध्ये तुम्ही गोळी मारली आणि समोरच्याला ती अर्ध्या सेकंदानं लागली, तो नेटचा, पिंगचा प्रॉब्लेम, त्यात लॅपटॉपचा दोष नाही. पण चित्रच थांबत थांबत पुढं सरकत असेल तर ते फ्रेमचं दुखणं. 60 एफपीएस म्हणजे सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद. एवढ्या वेळात प्रोसेसरनं कोण कुठं आहे, कोण कुणाला धडकलं याचा हिशोब करायचा आणि ग्राफिक्स कार्डानं ते चित्र रंगवून द्यायचं. मध्येच एखाद्या चित्राला 80 मिलिसेकंद लागले की सरासरी 60 च्या आसपास दिसत असली तरी डोळ्याला झटका बसतोच. म्हणून नुसता सरासरी आकडा बघून समाधान मानू नका.

मग मापायला घेतलं. लोक इथंच चुकतात असं मला मनापासून वाटतं, व्हिडिओ बघून दहा सेटिंग बदलतात, विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, रजिस्ट्रीत, हात घालतात, कुठलं तरी "बूस्टर" टाकतात, आणि शेवटी काय केल्यानं काय झालं हे त्यांनाच सांगता येत नाही. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालू ठेवून गेम खेळा, आणि एमएसआय आफ्टरबर्नर टाकलं तर खेळतानाच स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान, वेग, एफपीएस सगळं दिसतं. भाच्याच्या लॅपटॉपवर पहिली पाच मिनिटं सगळं छान, प्रोसेसर 4 गिगाहर्ट्झच्या वर पळतोय, गेम लोण्यासारखी. मग तापमान 97 ला जाऊन टेकलं आणि वेग धाडकन 2.2 वर आला, गेम अडकली, थोडं थंड झालं की वेग परत वर, परत गरम, परत खाली. हाच तो झटका. आकडे पडताना समोर दिसले तसा भाचा म्हणाला, "मामा, हा तर स्वतःच ब्रेक मारतोय."

बरोबर ओळखलं त्यानं. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. आजकालच्या लॅपटॉप प्रोसेसरची तापमानाची मर्यादा साधारण 95 ते 105 अंशांच्या दरम्यान ठरवलेली असते, ग्राफिक्स कार्डाची त्याच्या थोडी खाली. ती गाठली की चिप आपला वेग आणि व्होल्टेज आपणहून कमी करते, म्हणजे जळून जात नाही. यात बिघाड काहीच नाही, ती जीव वाचवतेय. प्रश्न एवढाच की ती गरमी बाहेर का जात नाहीये.

गरमी किती जोरात बाहेर पडेल हे बऱ्याच अंशी दोन तापमानांमधल्या फरकावर ठरतं, न्यूटनचा थंड होण्याचा नियम आपण शाळेत घोकलेला असतो, तोच. चिप 95 अंशांवर आहे असं धरा. ज्या ऑफिसात लॅपटॉपचे रिव्ह्यू बनतात तिथं एसी 22 वर असतो, म्हणजे फरक 73 अंशांचा. आमच्या पत्र्याच्या खोलीत त्या दुपारी मी भिंतीवरचं थर्मामीटर बघितलं, 43. फरक उरला 52. म्हणजे तोच लॅपटॉप, तोच फॅन, पण एसीच्या खोलीत तो इथल्यापेक्षा 40 टक्के जास्त उष्णता बाहेर टाकू शकतो. रिव्ह्यूतला एफपीएस जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात मिळत नाही म्हणून कंपनीला शिव्या देण्याआधी एवढं गणित करून बघा.

आम्ही लॅपटॉप उचलून खालच्या धाब्याच्या खोलीत आणला. जुन्या लोकांनी लाकडावर मातीचा जाड थर देऊन छत केलंय, ऊन आत उतरायला संध्याकाळ होते. तिथं थर्मामीटर 35 वर. फरक 60 झाला, म्हणजे एक रुपया खर्च न करता 15 टक्के जास्त उष्णता बाहेर. गेम खेळून बघितली तर अडकायची पण आता पाचव्या मिनिटाच्या ऐवजी बाराव्या मिनिटाला. म्हणजे खोलीचा वाटा आहे, पण आत अजून काहीतरी आहे.

आत काय असतं ते सांगतो, कारण मला ही फार सुंदर गोष्ट वाटते. चिपवरून एक चपटी तांब्याची नळी निघते आणि फॅनपाशी जाते, तिला हीटपाइप म्हणतात. लोकांना वाटतं तो भरीव तांब्याचा दांडा आहे. नाही, ती पोकळ असते आणि आत थोडंसं पाणी असतं. हवा काढून घेतलेली असल्यामुळं ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. चिपच्या बाजूला पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना भरपूर उष्णता घेऊन जाते, अगदी आपला माठ जसा पाझरलेलं पाणी उडवून गार होतो तसंच. वाफ दुसऱ्या टोकाला, फॅनच्या बाजूला जाते, तिथं थंड होऊन परत पाणी होतं आणि घेतलेली उष्णता सोडून देते. माठातली वाफ हवेत जाते म्हणून तो रोज भरावा लागतो, इथं नळी बंद असल्यानं तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. आणि ते परत कसं येतं, तर नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याची भुकटी किंवा बारीक जाळी बसवलेली असते, दिव्याची वात जशी तेल ओढते तशी ती पाणी मागं ओढून आणते. 1963 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी असा हीटपाइप बनवून दाखवला, तेव्हा डोळ्यासमोर अंतराळातली यंत्रं होती. आज तीच कल्पना आपल्या मांडीवर चालतेय!

तर नळी उष्णता आणून पोचवते ती तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांच्या जाळीवर, आणि फॅन त्या पात्यांमधून हवा ढकलतो. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, खालचे स्क्रू काढले (वॉरंटीत असेल तर हे आपण करू नका, सर्व्हिस सेंटरलाच द्या), झाकण उघडलं. वरून फॅन बरा दिसत होता. फॅन काढून मागं बघितलं तर पात्यांच्या तोंडावर पांढुरकी-राखाडी पट्टी, जुन्या गादीतला दबलेला कापूस असतो ना, तशी. चिमट्यानं ओढली तर अख्खीच्या अख्खी निघाली, बोटाएवढी लांब. मी ती पट्टी भाच्याच्या हातावर ठेवली, तो बघतच राहिला. ताईचं घर धरणगावला, जवळच जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. कपाशीचा हंगाम चालू झाला की दोन-तीन महिने हवेत रुईचे तंतू उडत असतात, ते फॅन आत ओढतो, मोठी धूळ निघून जाते पण तंतू पात्यांवर आडवे अडकतात आणि त्यावर मग काळ्या मातीचा फुफाटा बसतो. थंडीत खोलीच 15-20 अंशांवर, त्यामुळं अर्धी जाळी बंद असली तरी निभावून जातं. मार्च उजाडला की पितळ उघडं पडतं. म्हणजे रोग हिवाळ्यात जडला आणि ताप उन्हाळ्यात दिसला, आणि मध्ये बिचाऱ्या विंडोजला उगाच पुसून काढलं.

साफ करताना एक सांगतो. पंक्चरवाल्याकडची हवा मारू नका, तिच्यात पाणी-तेल असू शकतं, आणि जोरात हवा मारली तर फॅन नको इतका फिरून त्याचं बेअरिंग जाऊ शकतं. फॅनचं पातं बोटानं धरून ठेवायचं, मऊ ब्रश आणि हातातला छोटा ब्लोअर पुरतो. जिनिंगजवळ राहणाऱ्यांनी संक्रांतीनंतर एकदा आणि आखाजीच्या आधी एकदा एवढं करावंच.

उघडलाच होता तर थर्मल पेस्ट पण बदलली. चिप आणि तांबं दोन्ही डोळ्याला गुळगुळीत दिसतात पण मध्ये बारीक खाचा असतात, त्यात हवा बसते, आणि हवा उष्णतेला जवळजवळ भिंतच, तांब्याच्या मानानं ती हजारो पटीनं वाईट वाहक. पेस्ट त्या खाचा भरते. दोन-तीन वर्षांत ती सुकते किंवा कडेला सरकते. आमची सुकून खडूसारखी झाली होती.

परत लावून खेळलो. 97 चं 86 झालं, वेग पडेना. भाचा खूश. पण मला अजून एक करायचं होतं. चिपची उष्णता साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या गुणाकारानं वाढते. उदाहरण घ्या, 4.4 गिगाहर्ट्झला 1.2 व्होल्ट लागत असतील आणि 3.6 ला 1 व्होल्ट पुरत असेल, तर वेग 18 टक्के कमी होतो पण उष्णता जवळपास 43 टक्के कमी होते. शेवटचा जोर फार महाग पडतो. आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच हीटपाइपवर बसलेले असतात, म्हणजे प्रोसेसर उगाच तापला तर त्याची गरमी ग्राफिक्सच्या वाट्याला येते. म्हणून विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ची 99 केली, त्यानं टर्बो, म्हणजे प्रोसेसरचं नेहमीच्या वेगाच्या वर पळणं, बंद होतं. भाच्याच्या गेममध्ये तापमान अजून 10 अंशांनी उतरलं आणि एफपीएस फक्त दोन-तीननं. सगळ्या गेममध्ये असं होणार नाही, प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये फटका बसेल, तिथं परत 100 करा. एफपीएसला 60 ची मर्यादा घालणं हा पण तसाच साधा उपाय, स्क्रीन 60 हर्ट्झची असेल तर 90 चित्रं बनवून उरलेली 30 दिसणारच नाहीत, गरमी मात्र पूर्ण 90 ची होणार.

संध्याकाळी साडेसहाला लाइट गेली आणि गेम परत रडायला लागली. भाचा लगेच तापमान बघायला लागला, म्हणजे शिकला. पण तापमान 70 च होतं. हे वेगळं कारण. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि वायफाय, लॅपटॉपचा सॉकेट त्यावर नाही, त्यामुळं तो बॅटरीवर गेला होता. चार्जर 180 वॉटचा, जोर लावला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून शंभरच्या वर वॉट मागतात, बॅटरी एवढं दमानं देऊ शकत नाही म्हणून लॅपटॉप ग्राफिक्सचा खुराक कमी करतो. मोबाइलचा 65 वॉटचा टाइप-सी चार्जर लावून खेळणाऱ्यांचं पण हेच होतं, चार्जिंगचं चिन्ह दिसतं पण ताकद पोचत नाही. खूप जणांना वाटतं व्होल्टेज कमी आहे म्हणून गेम स्लो होते, तसं नाही, हे चार्जर 100 ते 240 व्होल्टमध्ये सारखंच काम करतात.

आणि तापमान ठीक, चार्जर ओरिजनल, तरी गेम पहिल्या मिनिटापासूनच मंद असेल तर बघायच्या गोष्टी वेगळ्या. गेम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरमधल्याच साध्या ग्राफिक्सवर चालत नाहीये ना, डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स भागात त्या गेमला "हाय परफॉर्मन्स" निवडा. 8 जीबीची एकच रॅम असेल तर दुसरी तशीच टाका, दोन पट्ट्यांनी डेटाचा रस्ता दुपदरी होतो, माझ्या मते पैसे खर्चायचेच तर आधी इथं. 4 जीबीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) मीडियमवर आणा, ती मेमरी भरली की सामान हळू रस्त्यानं आणावं लागतं आणि झटके बसतात. कार्डाचं नाव सारखं असलं तरी वॉट बघा, आरटीएक्स 4060 लॅपटॉपमध्ये 35 वॉटचं पण येतं आणि 115 वॉटचं पण, दोघांत जमीन-अस्मानाचा फरक, दुकानदार हे सांगत नाहीत.

कूलरबद्दल ताईनं विचारलं, लॅपटॉप कूलरसमोर ठेवला तर चालेल का. चालेल, मे महिन्यात आपली हवा कोरडी असते त्यामुळं कूलरची हवा खोलीपेक्षा चांगली गार लागते, फक्त तुषार उडतील इतका जवळ नको. गादीवर, उशीवर मात्र अजिबात नाही, खालची जाळी बंद होते. दोन जाड वह्या मागच्या पायांखाली ठेवल्या तरी फॅनला श्वास घ्यायला जागा मिळते.

निघताना भाच्याच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबेल अशी सेटिंग करून दिली. लिथियम बॅटरी गरमीत आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत लवकर म्हातारी होते, आणि हा दिवसभर चार्जर लावूनच खेळणार. ताईला वेगळं बाजूला घेऊन सांगितलं, टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा झाकण नीट बसेना झालं तर बॅटरी फुगलीय समज, गेम कुठंही असू दे, बंद करून चार्जर काढायचा आणि परत चालू न करता सर्व्हिस सेंटरला न्यायचा, दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही.