शिंदळ माकडी फक्त शिवनेरीवरच?

दर पावसाळ्यात मोबाईलवर तोच फोटो फिरतो: शिंदळ माकडी या वनस्पतीचं मरून रंगाचं, पाच कोनांचं फूल आणि खाली ओळ, ‘जगात फक्त शिवनेरीवर!’ शिवरायांचं नाव जोडलं की पुण्यात सहसा कुणी उलटतपासणी करत नाही.

जुन्नर परिसरातली ही वनस्पती वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने १८६०च्या दशकात शास्त्राला कळवली आणि मुंबईचे गव्हर्नर फ्रेअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ नाव दिलं. पण ती पुरंदर परिसरात आणि साताऱ्याच्या सज्जनगडावरही आहे. प्रदेशनिष्ठ, म्हणजे ठरावीक भागातच सापडणारी, म्हणाल तर महाराष्ट्राच्या सह्याद्रीची. एका किल्ल्याची नव्हे.

‘लावली तर जगत नाही’ हेही खोटं. फांदीचा तुकडा निचऱ्याच्या मातीत खोचला की मूळ धरतो. माझ्या गच्चीतल्या कुंडीत ती उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या मांसल कांड्या होऊन पडते. शेजारच्या काकू दरवर्षी विचारतात, “मेली का हो?” पावसाबरोबर पानं परततात. फुलाच्या पाकळ्यांच्या कडांना बारीक केस, मध्ये पिवळ्या खुणा. त्यावर माश्या घोंघावतात.

दुर्मिळ ती आहेच. कुंडीत वाढली म्हणून कड्यावरची संख्या वाढत नाही. तिथली फांदी मात्र तोडू नका, रोप रोपवाटिकेतून आणा.