माँ ब्लाँचा गावोगावचा ट्रेक: ठाण्याहून शेंगेन व्हिसाचा अर्ज

राजमाचीला निघताना आपण मुक्कामाची चिंता करत नाही. उधेवाडीत कुणाच्या तरी ओसरीवर पथारी पडते. माँ ब्लाँ पर्वताभोवतीची, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची वाट अशी चालता येत नाही. व्हिसाचा अर्ज रोजच्या मुक्कामावरच उभा असतो. म्हणून विमानाची तिकिटं बघण्याआधी मित्रांनी एकत्र बसून मुक्कामांचा तक्ता करावा, हे मी कळकळीने सांगेन.

तारीख, गाव, देश, राहण्याचं ठिकाण, एवढे चार रकाने पुरतात. फ्रान्समधल्या लेझूशहून निघून ले काँतामीन, मग इटलीत कुर्मायोर, स्वित्झर्लंडमध्ये ला फुली आणि शांपे, शेवटी परत शामोनीच्या खोऱ्यात, असा नेहमीचा क्रम धरला तर सर्वाधिक रात्री फ्रान्समध्ये पडतात. तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्यामुळे व्हिसा एकच लागतो. अर्ज मात्र जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस सारखे असतील तरच पहिला प्रवेश कुठून, हे बघतात. विमान जिनिव्हाला उतरतं म्हणून स्वित्झर्लंडकडे अर्ज करायचा, असं नाही. गटातला एखादा ट्रेक संपल्यावर आठवडाभर स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला राहणार असेल, तर त्याच्या अर्जाचा देश बदलू शकतो. गटाचा मिळून एक अर्ज नसतोच, प्रत्येकाचा स्वतंत्र.

डोंगरातल्या निवाऱ्यांचं बुकिंग बहुतेक वेळा एकाच्याच नावावर होतं. पावतीवर सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे घालून मागा. तक्ता, पावत्या, विमा आणि कंपनीचं रजेचं पत्र यांतल्या तारखा जुळल्याच पाहिजेत.

पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला, शेंगेनमधून परतण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. नूतनीकरण करायचं असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातलं काम आधी उरका.

बाकी कागद ओळखीचेच: बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, पगाराच्या पावत्या किंवा धंद्याची नोंदणी, फोटो, जाण्यायेण्याचं आरक्षण. नेमकी यादी त्या-त्या देशाच्या संकेतस्थळावरून घ्यावी.

विम्याकडे मात्र नीट बघा. नियमाप्रमाणे किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण सगळ्या शेंगेन देशांत लागू असलं पाहिजे. व्हिसाला तेवढं चालतं, ट्रेकला नाही. पॉलिसीत ट्रेकिंगला उंचीची मर्यादा आहे का आणि हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का, हे वाचून घ्या. या वाटेवरची ग्राँ कोल फेरे ही खिंडच २,५३७ मीटरवर आहे, आणि स्वित्झर्लंडमध्ये सुटकेचा खर्च आपल्याच माथी येतो.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. निवारे साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच उघडे असतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटला गर्दी होते. त्यामुळे जुलैत चालायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल करावी. मोठ्यांची फी ९० युरो, वर मुंबईतल्या अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी दिले असतील तर सहसा तेच चालतात.