नकाशावर नसलेले भ्रंश : भूकंपधोक्याच्या अंदाजामागचा इतिहास

भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकतात अशी जमिनीतली भेग, सरकतो म्हणून भूकंप होतो, ही आज शालेय पुस्तकातली गोष्ट एकोणिसाव्या शतकात वादाची होती. आधी जमीन हादरते आणि मग तडकते, असे अनेक अभ्यासक मानत. १८९१ मध्ये जपानच्या मिनो-ओवारी भूकंपात मिदोरी येथे जमीन सुमारे सहा मीटर वर-खाली झाली. ते पाहून भूवैज्ञानिक बुंजिरो कोतो यांनी तडा हा भूकंपाचा परिणाम नसून कारण आहे, असे मांडले. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी खडकांत ताण कसा साठतो आणि भ्रंश एकदम सरकून तो कसा मोकळा होतो, याचा सिद्धांत दिला. धोका ओळखायचा तर भ्रंश शोधा, ही रीत तिथून रुळली.

पण कित्येक भ्रंश दिसतच नाहीत. काही गाळाखाली गाडलेले असतात, तर काही भूपृष्ठापर्यंत पोचतच नाहीत. खंडांच्या अंतर्भागात एकाच भ्रंशावरच्या दोन मोठ्या भूकंपांत हजारो वर्षे जाऊ शकतात. तेवढ्या काळात पाऊस आणि वारा सगळ्या खुणा पुसून टाकतात. यंत्रांच्या नोंदी तर जेमतेम सव्वाशे वर्षांच्या.

१९६८ मध्ये अभियंता ॲलिन कॉर्नेल यांनी संभाव्यतेवर आधारलेली पद्धत मांडली आणि या अडचणीतून एक वाट निघाली. भ्रंश माहीत नसेल, तर अख्खा प्रदेशच भूकंपाचा स्रोत धरायचा. भूकंप त्यात कुठेही होऊ शकतो असे मानायचे. किती वेळा, हे नोंदलेल्या लहान भूकंपांवरून काढायचे. तीव्रता एका अंकाने वाढली की भूकंपांची संख्या साधारण दहाव्या हिश्शावर येते, हा गुटेनबर्ग-रिश्टर संबंध त्यासाठी उपयोगी पडतो. पद्धत भक्कम आहे. घोटाळा झाला तो भूकंपधोक्याचे नकाशे वाचताना. नोंद नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ लावला गेला, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महागडी चूक हीच.

२२ जानेवारी १९८८ रोजी ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकजवळ बारा तासांत ६ पेक्षा जास्त तीव्रतेचे तीन भूकंप झाले. ‘स्थिर’ समजल्या जाणाऱ्या त्या प्रदेशात जमीन सुमारे ३५ किलोमीटर लांबीपर्यंत फाटली. तिथे मनुष्यवस्ती विरळ होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत तसे नव्हते. भारताच्या तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपरोधक बांधकामाच्या २००२ च्या सुधारित भारतीय मानकात पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले.

सप्टेंबर २०१० मध्ये न्यूझीलंडच्या कँटरबरी मैदानात, जिथे भूशास्त्राचा अभ्यास कमी नव्हता, तिथेही असेच घडले. नद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या थराखालचा ग्रीनडेल भ्रंश ७.१ तीव्रतेच्या धक्क्याने उघडा पडला तेव्हाच सगळ्यांना कळला. शेतांची सरळ कुंपणे आणि रस्ते भ्रंशरेषेवर काही ठिकाणी चार मीटरहून अधिक बाजूला सरकले होते. पुढच्या फेब्रुवारीत त्याच मालिकेतल्या आणखी एका अनोळखी भ्रंशाने क्राइस्टचर्चमध्ये १८५ बळी घेतले.

भ्रंश शोधण्याची साधने मात्र खूप सुधारली. १९७० च्या दशकात भूवैज्ञानिक केरी सी यांनी कॅलिफोर्नियात पॅलेट क्रीक येथे भ्रंशावर आडवे चर खणले. चराच्या भिंतीत मातीचे आणि कुजलेल्या वनस्पतींचे थर एकावर एक दिसतात. तुटलेल्या थरांवर जिथे अखंड थर सुरू होतो, त्या पातळीवर जुना भूकंप असतो आणि थरांतल्या कार्बनवरून त्याचा काळ निघतो. पुढे विमानातून सोडलेल्या लेझरमुळे झाडीखालची जमीन दिसू लागली आणि सिॲटलजवळच्या दाट जंगलातले उंचवटे भ्रंशाचे निघाले. जीपीएस आणि उपग्रहांवरचे रडार ताण कुठे साठतोय ते सांगतात. मात्र स्थिर खंडांत जमिनीची हालचाल वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी असल्याने तिथे ही साधने तोकडी पडतात.

म्हणून आता जगभरच्या स्थिर प्रदेशांतले भूकंप एकत्र करून कमाल तीव्रता ठरवतात, पर्यायी गृहीतकांना वेगवेगळे वजन देतात आणि नकाशावरच्या कोऱ्या भागातही मोठ्या भूकंपाची शक्यता धरतात. या गणितातून उत्तराचा, किमान ते कमाल असा, एक पल्ला निघतो आणि स्थिर प्रदेशांत तो बराच रुंद असतो. बांधकामाच्या नियमांत मात्र त्यातला बहुधा एकच आकडा उतरतो. तो पल्लाही नकाशासोबत छापला जावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.