ग्रॅव्हल सायकलिंग (मुंबई परिसर)

डांबर किंवा काँक्रीट न पडलेल्या, मोटारींची वर्दळ जवळजवळ नसलेल्या वाटांवरून लांब पल्ल्याची सायकलस्वारी. कालव्यांचे सेवापथ, जलवाहिन्यांलगतचे रस्ते, खाडीकाठचे बांध, पाणंदी आणि डोंगरपायथ्याच्या गाडीवाटा ही तिची नेहमीची क्षेत्रे. शर्यती सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल तिच्यासाठी वापरतात. मुंबईच्या स्वारांमध्ये ‘ग्रॅव्हल’ हाच शब्द रूढ आहे.

संज्ञा : ‘ग्रॅव्हल’साठी ‘खडी’ हा प्रतिशब्द सुचवला जातो, तो सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. मराठीत खडी म्हणजे फोडलेला, टोकदार कडांचा काळा दगड. सरकारी कामकाजात ‘खडीकरण’ ही रस्त्याची एक पायरी असून तिच्यानंतर ‘डांबरीकरण’ येते. खडीकरण झाले आणि डांबर मात्र राहिले, असा रस्ता सायकलला सर्वांत त्रासदायक. खडी चाकाखालून निसटते, टायरची बाजू कापते आणि उतारावर ब्रेक दाबताच मागचे चाक आडवे सरकते. स्वार ज्या पृष्ठाच्या शोधात असतो तो मुरूम. दख्खनच्या बेसाल्टचा वरचा थर ऊन-पावसाने कुजून तांबूस-करडा, भरड चुरा होतो. त्यात बारीक माती असल्याने पाणी मारून दाबले की तो बसतो आणि तरीही त्याला थोडी दाणेदार पकड राहते. जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांच्या आपल्याकडील रूपातही खडीच्या फटी मुरमाने भरत. समुद्राकडील पठारांवर मुरमाची जागा जांभ्याचा चुरा घेतो. तो कोरडा असताना उत्तम, ओला झाला की निसरडा. हे सर्व पाहता ‘मुरूमवाट’ हा शब्द अर्थाला अधिक जवळचा आहे.

उगम : या प्रकाराच्या जन्माविषयी एकमत नाही. एका मतानुसार तो अमेरिकेच्या मध्य भागातला. कॅन्झस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ मध्ये सुरू झालेली सुमारे ३२० किमी.ची शर्यत (आजचे नाव ‘अनबाउंड ग्रॅव्हल’) ही त्याची सुरुवात मानतात. दुसरे मत इटलीकडे बोट दाखवते. तेथे टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या वाटांवर जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी १९९७ पासून भरते. ब्रिटनमधील ‘रफ स्टफ फेलोशिप’ हे मंडळ तर १९५५ चे. डांबर सोडून डोंगरवाटांनी सायकल नेणे हाच त्याचा उद्देश होता. सायकलीचा स्वतंत्र प्रकार आणि बाजारातील नाव अमेरिकेतून आले, हे मान्य करावे लागेल. स्वारीची परंपरा मात्र त्याहून जुनी आणि अनेक ठिकाणची दिसते. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने पहिली ग्रॅव्हल जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीच्या व्हेनेतो प्रांतात घेतली.

मुंबईपुरते बोलायचे तर १५ ऑक्टोबर १९२३ रोजी येथून जगप्रवासाला निघालेल्या पारशी तरुणांचा उल्लेख अनेकदा पूर्वसूरी म्हणून केला जातो. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा १९२८ मध्ये प्रवास पुरा करून परतले. त्यांच्या वाटेवर वाळवंटे होती, जंगले होती आणि रस्ता नसलेले लांबच लांब पट्टे होते. परंतु डांबर असताना मुद्दाम मातीची वाट निवडणे हे आजच्या प्रकाराचे लक्षण आहे. त्यांच्यापुढे तशी निवड नव्हती, म्हणून त्यांना पूर्वसूरी म्हणावे, आद्य प्रवर्तक नव्हे.

कालवाकाठ : युरोप-अमेरिकेतील कालवाकाठची वाट ही मूळची ओढवाट. १६८१ मध्ये पुरा झालेला फ्रान्समधील कनाल द्यु मिदी असो, वा वॉशिंग्टनहून कंबरलंडपर्यंत २९७ किमी. जाणारा चेसापीक–ओहायो कालवा असो, काठावरून घोडे किंवा खेचरे चालत आणि दोराने नाव ओढत. नावा थांबल्या, वाट उरली, आणि ती पादचारी व सायकलस्वारांना मिळाली.

कोकणातील कालव्याला हा इतिहास नाही. तो नावांसाठी खणलेलाच नव्हता. तो शेतीचा पाट आहे. त्याच्या भरावावरची वाट पाटकऱ्याने फिरून गळती पाहावी, विमोचक (शेताकडे पाणी सोडण्याचे दार) उघडावा, गाळ काढणारे यंत्र न्यावे यासाठी राखलेली असते. म्हणजे ही निवृत्त झालेली वाट नसून रोजच्या कामाची वाट आहे, आणि तिच्यावरची शांतता त्या कामामुळे टिकलेली आहे. पाणी वाहते राहावे म्हणून कालवा डोंगराच्या समोच्च रेषेला धरून काही हजार मीटरांत एखादा मीटर उतरतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना चढउतार असले तरी काठावरून जाणारा स्वार जवळजवळ सपाटीवर राहतो. डोंगराच्या सोंडेला वळसा, ओढ्यावर जलसेतू, पुन्हा वळसा, अशी या वाटेची चाल.

मुंबईच्या स्वारांना सर्वांत जवळचे उदाहरण कर्जत तालुक्यातील राजनाल्याचे. त्याचे पाणी मुळात कोकणाचे नाही. मावळातील आंध्रा नदी इंद्रायणीला आणि पुढे भीमेला मिळते. ठोकरवाडी धरणात ती अडवून पाणी पश्चिमेकडे वळवले आणि सह्याद्रीच्या उतारावरून भिवपुरीच्या वीजगृहात सोडले (१९२२). वीज करून मोकळे झालेले हे पाणी राजनाल्यातून शेतांत जाते आणि त्यावर उन्हाळी भात पिकते. रोहा तालुक्यात कुंडलिकेचे कालवेही असेच भिरा वीजगृहाच्या (१९२७) पाण्यावर चालतात. ते पाणी मुळशीचे. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला आणि तरीही गावे बुडाली. कुंडलिकेच्या काठाने सायकल चालवणाऱ्याला हे ठाऊक असले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

राजनाल्यावरचे दृश्य हिवाळ्याच्या सकाळी असे असते : भरावावर दोन चाकोऱ्या, मधे दवाने ओला गवताचा पट्टा, चाकोरीत घट्ट बसलेला मुरूम. मोरीजवळ बायका धुणे आपटत असतात आणि कपड्यांची पिळे वाटेवरच ठेवलेली असतात. तेथे उतरून सायकल हाती धरून चालायचे, हा अलिखित नियम आहे. घंटी वाजवत पुढे जाणाऱ्याकडे गावात चांगल्या नजरेने पाहिले जात नाही. पाटकरी भेटला तर राम राम घालावा. पुढे कोठे भराव खचला आहे हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते.

पालघर जिल्ह्यात सूर्या प्रकल्पाचे आणि शहापूर भागात भातसाचे कालवे आहेत. तेथेही स्वार जातात.

जलवाहिन्या : मुंबईचे पाणी उत्तरेकडून येते : विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२) आणि त्यानंतरचे वैतरणा व भातसा. या तलावांकडून शहराकडे येणाऱ्या मोठ्या नळांलगत देखभालीचा रस्ता असतो, त्याला सर्वत्र ‘पाइपलाइन’ एवढेच म्हणतात. शहापूर–भिवंडी पट्ट्यात तो शेतांतून आणि वीटभट्ट्यांजवळून जातो. शहरात शिरल्यावर चित्र बदलते. मुलुंड ते शीव या टप्प्यात तानसा जलवाहिनीलगत सुमारे ३९ किमी.चा सायकलमार्ग करण्याची महानगरपालिकेची योजना २०१७ च्या सुमारास पुढे आली. नळांच्या दोन्ही बाजूंची १० मी. जागा सुरक्षेसाठी मोकळी करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश तिच्या मुळाशी होता. मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा झोपड्या उभ्या राहू नयेत हा हेतू त्यात मोठा, सायकल दुय्यम.

खारबांध : भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरून धरमतर खाडीकडे गेले की खारजमिनींचे मातीचे बांध लागतात. अलिबाग तालुक्यातील शहापूर–धेरंड भागात एका बाजूस खाडी व तिवरे, दुसऱ्या बाजूस भातखाचरे आणि जिताडा माशांची तळी, अशी दीड-दोन हात रुंदीची वाट असते. उघाडीपाशी (बांधातील पाण्याच्या दारापाशी) ती तुटते. भरतीच्या वेळा पाहून निघावे.

डोंगर : सह्याद्रीच्या जुन्या घाटवाटा सायकलीच्या नव्हेत. बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांना खुला झाला तो नोव्हेंबर १८३० मध्ये, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना. त्याआधीची वाहतूक बैलांच्या पाठीवरून होती. नाणेघाटातील फरसबंदी आजही पायऱ्यांची आहे आणि तेथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तेथील सातवाहनकालीन लेणे व राणी नागनिकेचा लेख बहुतेक अभ्यासक इ. स. पू. पहिल्या शतकातील मानतात. काही त्याला आणखी मागे नेतात, पण लिपीचा पुरावा पहिल्या मताला अधिक अनुकूल वाटतो. घाटमाथा आणि घाटपाय यांमध्ये स्वारी नव्हे, चढाई होते. खरी स्वारी पायथ्याच्या गाडीवाटांवर, मुरबाड व कर्जतच्या वाड्या-पाड्यांमधून.

सायकल : टायर साधारण ३८ ते ४५ मिमी. रुंद, हवा कमी, डिस्क ब्रेक, खालच्या बाजूस बाहेर फाकलेले हँडल. तुलनेसाठी, सायक्लोक्रॉस या चिखल-गवतावरच्या छोट्या फेऱ्यांच्या शर्यतीत टायरची कमाल रुंदी ३३ मिमी. आहे. बोरी-करवंदीच्या काट्यांमुळे येथे ट्यूबविरहित टायर व आतून भोक बुजवणारे द्रव जवळपास अनिवार्य ठरले आहे. साध्या काळ्या सायकलीवर दूध घालणारा गावकरी याच वाटेवरून रोज जातो, हेही नोंदवले पाहिजे.

हंगाम : पावसाळ्यात मुरूम चिखल होतो, चाक आणि फ्रेम यांमध्ये भरून चाक थांबते; शिवाय ओल्या भरावावर चाकोरी पडली तर कालव्याचेच नुकसान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. मार्चपासून फुफाटा उडतो. स्वार पहिल्या कर्जत वा कसारा लोकलने, पुढचे चाक काढून, सामानाच्या डब्यातून येतात आणि ऊन तापायच्या आत स्टेशनावर परततात.